नम्र सूचना

सूचना करणे हा पुण्यात छंद नाही, नागरिकाचं कर्तव्य आहे. रस्ता खणणाऱ्या मजुराला कुदळ कशी धरावी हे सांगणारा माणूस लकडी पुलापासून स्वारगेटपर्यंत कुठेही उभा असतो, आणि त्यानं स्वतः आयुष्यात कुदळ धरलेली नसते. धरायची गरजही नसते. ज्यानं कुदळ धरली आहे त्याला सूचना करायला वेळ कुठून मिळणार?

मी स्वतः पस्तीस वर्षं नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासली. म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामाला सूचना करण्याचा रीतसर पगार घेतला. त्यामुळे एखाद्या भाषेला सूचना हव्या आहेत असं नुसतं कानावर आलं तरी माझा हात खिशातल्या लाल पेन्सिलीकडे जातो. मराठीच्या बाबतीत ती सोय फारशी उरलेली नाही. १९६२ साली साहित्य महामंडळानं शुद्धलेखनाचे चौदा नियम केले, १९७२ साली त्यांत चारांची भर घातली आणि महाभारताची पर्वंही अठराच आहेत हे लक्षात येऊन बहुधा तिथेच थांबले. त्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. आमचे वडील मात्र शेवटपर्यंत 'नाहीं'वर टिंब देत राहिले. टिंबाशिवायचा नकार त्यांना पुरेसा ठाम वाटत नसे.

तर सांगायची गोष्ट अशी, की गेल्या वर्षी आमच्याच घरात, जेवणाच्याच टेबलावर, एका भाषेला सूचना करण्याची बैठक बसली. भाषा मराठी नव्हे. जावास्क्रिप्ट.

आमचा पुतण्या हिंजवडीला कामाला जातो. म्हणजे आठवड्यातले दोन दिवस जातो आणि उरलेले दिवस आमच्या दिवाणखान्यात बसून हिंजवडीशी बोलतो. या भाषेच्या पुढच्या आवृत्त्यांत काय काय असावं यावर त्याला कचेरीत भाषण द्यायचं होतं. त्यासाठी त्याचे दोन मित्र आले होते. मी पाण्याचा तांब्या ठेवायला म्हणून आत गेलो आणि तिथेच बसलो.

ज्यांच्या घरी असा पुतण्या नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. संगणकाच्या किंवा फोनच्या पडद्यावर बटण दाबल्यावर जे काही उघडतं, सरकतं, हलतं आणि विशेषतः लाल होऊन 'कृपया योग्य माहिती भरा' म्हणून आपल्यालाच दटावतं, ते बहुतेक सगळं या भाषेत लिहिलेलं असतं. १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक नावाच्या गृहस्थांनी तिचा पहिला नमुना दहा दिवसांत तयार केला. दहा दिवसांत! आमच्याकडे गणपतीची आरासही तेवढ्यात होत नाही, आणि झाली तरी अकराव्या दिवशी ती उतरवता येते. ही उतरवता आलेली नाही. आधी तिचं नाव मोका होतं, मग लाइव्हस्क्रिप्ट झालं. पण त्या वर्षी बाजारात जावा नावाच्या दुसऱ्या एका भाषेची चलती होती, तेव्हा डिसेंबरात हिला जावास्क्रिप्ट केलं. दोघींचं नातं नावापुरतंच. पुढे १९९७ साली जिनिव्हाच्या एक्मा या संस्थेनं तिचं प्रमाणपुस्तक काढलं तेव्हा 'जावा' हे नाव दुसऱ्या कंपनीच्या मालकीचं असल्यामुळे तिचं शासकीय नाव पडलं एक्मास्क्रिप्ट. हे नाव एखाद्या त्वचारोगासारखं वाटतं असं खुद्द आइकसाहेबांनीच म्हणून ठेवलं आहे. मलाही पहिल्यांदा ऐकताना इसबावरचं मलम आठवलं होतं. जन्मदात्याला जे वाटलं ते मला वाटलं, याचं मला समाधान आहे.

बैठक सुरू झाली. वहीवर मथळा पडला, 'काय हवं'. मी म्हटलं, "आधी काय नको ते लिहा. मुद्रित तपासताना आम्ही आधी खोडतो, मग घालतो."

तिघंही माझ्याकडे ज्या नजरेनं पाहू लागले ती नजर माझ्या ओळखीची होती. भाडेकरूला घराबाहेर काढू म्हणणाऱ्या तरुण वारसाकडे वाड्यातली वडीलधारी मंडळी तसं पाहतात.

"काका, या भाषेतून काहीच काढता येत नाही," पुतण्या म्हणाला.

"चुका सुद्धा?"

"चुका तर मुळीच नाही."

मग त्यांनी मला एकेक चूक दाखवली, आणि खरं सांगतो, इतकी रंजक मुद्रितं मी पस्तीस वर्षांत पाहिली नव्हती. या भाषेत 'काहीही नाही' यासाठी एकाला दोन शब्द आहेत. एक नल, एक अनडिफाइन्ड. पहिल्याचा अर्थ 'विचारलं, नाही म्हणाले'; दुसऱ्याचा अर्थ 'अजून कोणी विचारलंच नाही'. इथपर्यंत मला तक्रार नाही; आमच्या वडिलांकडेही टिंबवाला नकार आणि बिनटिंबाचा नकार असे दोन होतेच. पण या नलला 'बाबा, तू कोण?' असं विचारलं तर तो म्हणतो, 'वस्तू.' काहीही नसलेला गृहस्थ स्वतःला वस्तू म्हणवतो! ही पहिल्याच वर्षीची चूक आहे, सगळ्यांना माहीत आहे, ती दुरुस्त करण्याचा प्रस्तावही येऊन गेला आणि फेटाळला गेला. दुसरे एक गृहस्थ आहेत त्यांचं नावच 'संख्या नव्हे', नॅन. त्यांना 'तू कोण?' विचारलं तर उत्तर मिळतं, 'संख्या.' आणि हा नॅन स्वतःशी सुद्धा बरोबर नसतो. म्हणजे 'नॅन म्हणजेच नॅन का?' असं विचारलं तर भाषा सांगते, नाही. (ही शेवटची खोड एकट्या जावास्क्रिप्टची नाही, बाकीच्या भाषांतही आहे, असं पुतण्याच्या मित्रानं घाईघाईनं सांगितलं. घरच्या माणसाची बाजू घ्यावी तसं.)

बेरीज-वजाबाकीचंही तसंच. अवतरणात लिहिलेल्या पाचात दोन मिळवले तर बावन्न होतात. त्याच पाचातून दोन वजा केले तर मात्र तीन. मिळवताना दोघांना नुसतं शेजारी शेजारी उभं करायचं आणि वजा करताना चोख हिशेब ठेवायचा, अशी माणसं मी पाहिली आहेत. पण ती मुख्यतः लग्नाच्या बोलणीत. एक, दोन आणि दहा यांना ओळीनं उभं राहा असं सांगितलं तर ते एक, दहा, दोन असे उभे राहतात, कारण ती भाषा त्यांना अंक न समजता शब्द समजते. हे ऐकून मला आश्चर्य वाटलं नाही. आमच्या पेठेतले घरक्रमांक याच पद्धतीनं लागलेले आहेत, आणि पोस्टमन तीन पिढ्या तक्रार न करता येतो आहे.

महिन्यांची मोजदाद शून्यापासून. जानेवारी म्हणजे शून्य, डिसेंबर म्हणजे अकरा. म्हणजे जानेवारी तळमजल्यावर राहतो असं समजायचं. ठीक, पण मग तारखाही शून्यापासून असाव्यात की नाही? त्या मात्र एकपासून. ही तऱ्हा १९९५ साली जावाकडून जशीच्या तशी उचलली. गंमत म्हणजे जावानं १९९७ साली आपल्या त्या वस्तूतल्या बहुतेक सोयी 'वापरू नयेत' असा शेरा मारून बाजूला ठेवल्या. ज्याच्याकडून आणली त्यानं नाकारली आणि आणणाऱ्यानं अजून जपून ठेवली आहे. सासरी जपलेली पैठणी आणि माहेरी विसरलेला पाट यांच्यासारखाच हा प्रकार.

"हे सगळं दुरुस्त का करत नाहीत?" मी विचारलं.

तेव्हा मला वाड्याची गोष्ट नीट समजली. पुण्यातला जुना वाडा का पाडता येत नाही? भिंती मजबूत आहेत म्हणून नव्हे. मागच्या चौकात जिन्याखालच्या खोलीत सात रुपये भाड्यानं एक आजोबा राहतात म्हणून. त्यांना काढता येत नाही, त्यांची खोली हलवता येत नाही आणि त्या खोलीवर एक खांब टेकलेला आहे. जावास्क्रिप्टमध्ये असे आजोबा जगभर पसरलेले आहेत. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कोणी तरी एखाद्या शाळेचं, दवाखान्याचं, पतपेढीचं पान लिहिलं आणि विसरून गेला. ते पान त्या जुन्या चुकीवर टेकून उभं आहे. चूक काढली की पान कोसळणार. पानाचा मालक सापडणार नाही, पण त्या पानावर वीजबिल भरणारा माणूस लगेच सापडेल.

२०१८ साली असंच झालं. यादीतल्या याद्या सपाट करण्यासाठी एक नवी सोय द्यायची ठरली आणि तिला 'फ्लॅटन' असं साधंसरळ नाव सुचवलं. लक्षात आलं की मूटूल्स नावाच्या एका जुन्या संचात त्याच नावाची खोली आधीच कोणी तरी बांधून ठेवली आहे, आणि नवी बांधली तर जुनी पानं मोडतात. मूटूल्स नव्यानं वापरणारं तेव्हा फारसं कोणी राहिलं नव्हतं. पण राहणारे राहत होते. मग नाव बदलायचं ठरलं. कोणी तरी थट्टेनं 'स्मूश' असं नाव सुचवलं, त्यावर जगभर आठवडेच्या आठवडे भांडण झालं आणि शेवटी 'फ्लॅट' या नावावर तोडगा निघाला. एवढ्या भांडणातून काय निष्पन्न झालं, तर इंग्रजीतली शेवटची तीन अक्षरं गेली. मुद्रितशोधकाला विचारलं असतं तर चहा होईपर्यंत काम झालं असतं.

या सूचना ज्यांच्यापुढे जातात ती मंडळी म्हणजे एक्माची तांत्रिक समिती क्रमांक एकोणचाळीस. तिथे कोणीही सूचना करू शकतो, मात्र समितीतल्या कोणी तरी ती पदरात घ्यावी लागते. सूचनेचे टप्पे ठरलेले आहेत. पहिला टप्पा अर्थातच शून्य. मग एक, मग दोन, मग तीन, मग चार; चारावर पोचली की ती भाषेत आली. २०२३ साली समितीच्या लक्षात आलं की दोन आणि तीन यांच्यामध्ये आणखी एक पायरी हवी आहे. तिला त्यांनी क्रमांक दिला २.७. अडीच नाही, पावणेतीन नाही, दोन दशांश सात! ही समिती पुण्याच्या नगर भूमापनात कधी तरी काम करून गेलेली असावी अशी माझी तेव्हापासून खात्री आहे. आणि तिथे मतदान नसतं. सगळ्यांचं एकमत व्हावं लागतं. एकानं ठाम हरकत घेतली की सूचना तिथेच बसते. आमच्या सोसायटीत लिफ्टच्या रंगावर एकमत व्हायला चार वार्षिक सभा लागल्या, तेव्हा त्या समितीविषयी मला आदर वाटतो. त्यांचंही एकदा पार फिसकटलं होतं. तिसरी आवृत्ती १९९९ साली निघाली, चौथीवर वर्षानुवर्षं वाद झाला, २००८ साली तो नाद सोडला, आणि २००९ साली थेट पाचवी काढली. चौथा मजला नसलेली इमारत. २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून मात्र दर वर्षी दिवाळी अंकासारखी नवी आवृत्ती निघते, फक्त जूनमध्ये.

तेव्हा वहीत खोडायचं काही नाही, फक्त वाढवायचं, हे मला मान्य करावं लागलं. मुलांनी आपापल्या इच्छा लिहिल्या. कोणत्या डब्यात काय ठेवायचं हे आधीच डब्यावर लिहून ठेवण्याची सोय हवी. 'पोहे' लिहिलेल्या डब्यात कोणी रवा भरला तर भाषेनं तिथेच ओरडावं. दरवर्षीच्या एका मोठ्या पाहणीत हीच मागणी वरचढ असते म्हणे, आणि मायक्रोसॉफ्टनं २०१२ साली तेवढ्यासाठी टाइपस्क्रिप्ट नावाची वेगळी चूल मांडली. दुसऱ्याला हिशेबाचे खरे दशांश हवे होते, कारण आत्ता दहा पैसे आणि वीस पैसे मिळवले तर तीस पैशांवर एक अगदी बारीक कण शिल्लक राहतो. सतराव्या दशांशस्थळावर चार. हाही दोष बाकीच्या अनेक भाषांत आहे. पण तुळशीबागेत चालणार नाही.

इतक्यात वहिनी आल्या.

आमच्या वहिनी, म्हणजे पुतण्याच्या मातोश्री, एक्क्याऐंशी वर्षांच्या. माहेर आळंदीचं, त्यामुळे नाव ज्ञानेश्वरी. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची ओढली आणि विचारलं, "माझी वेलांटी लिहिली का त्यात?"

पुतण्यानं मान खाली घातली. हे प्रकरण घरात नाजूक आहे.

दोन वर्षांपूर्वी वहिनींच्या कुटुंब-निवृत्तिवेतनाची माहिती एका कचेरीच्या पानावर नव्यानं भरायची होती. वहिनींनी ती स्वतः भरली. मराठीतून भरण्याची सोय होती याचं त्यांना कौतुक होतं. 'पहिले नाव' अशी चौकट होती आणि तिच्याखाली बारीक अक्षरात 'कमाल १० अक्षरे'. वहिनींनी बोटावर मोजलं. ज्ञा, ने, श्व, री. चार. दहाच्या खूप आत. त्यांनी नाव लिहिलं, लिंगाच्या जागी स्त्री लिहिलं, नात्याच्या जागी पत्नी लिहिलं आणि बटण दाबलं.

पुढच्या महिन्यात पैसे आले नाहीत. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाहीत. मी त्यांच्याबरोबर कचेरीत गेलो. टेबलावरचे गृहस्थ अतिशय सौजन्यानं वागले. त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. त्यावर नाव होतं 'ज्ञानेश्वर'.

"आता तुम्हीच सांगा," ते म्हणाले, "नाव पुरुषाचं, लिंग स्त्रीचं, आणि नातं पत्नीचं. मी वर काय कळवू?"

गंमत अशी की त्यांचंही चुकत नव्हतं. चौकटीनं दहा मोजले होते आणि अकरावं आत घेतलं नव्हतं. आवाज न करता. अकरावी होती ती शेवटची वेलांटी. ती गेल्याबरोबर आमच्या वहिनींचे ज्ञानोबा झाले. पुढे मग नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करावं लागलं, की 'ज्ञानेश्वर' आणि 'ज्ञानेश्वरी' ही एकच व्यक्ती असून ती व्यक्ती मीच आहे. वहिनींनी ते वाचलं, सही केली, आणि बाहेर पायरीवर मला म्हणाल्या, "भावोजी, हे असतानाच पैसे थांबवता येतात, मग मी नसताना काय होईल?" त्या एरवी असं बोलणाऱ्या नव्हेत. तीन महिने त्यांनी औषधाच्या दुकानात माझ्याकडून पैसे घेतले, आणि दर वेळी ते एका चिठ्ठीवर लिहून ठेवले. ती चिठ्ठी मला मागूनही मिळाली नाही. पैसे मात्र आल्या आल्या पूर्ण मिळाले. स्वतःशीच बरोबर नसणारा तो नॅन मुलांनी मला दाखवला तेव्हा मला हसू का आलं नव्हतं, हे आता वाचकांच्या लक्षात येईल.

आता हे अकरा कुठून आले? तर ही भाषा अक्षरं मोजत नाही, तुकडे मोजते. ज, मग पाय मोडणारं हलन्ताचं चिन्ह, मग ञ, मग काना, न, मात्रा, श, पुन्हा हलन्त, व, र, आणि वेलांटी. अकरा. चौकटीचं कुलूपही तसंच मोजतं. हे ऐकून मी परकीयांच्या नावानं बोटं मोडायला सुरुवात केली होती, पण पुतण्यानं आवरलं. ही फोड बाहेरच्यांनी केलेली नाही. युनिकोडनं देवनागरीची मांडणी घेतली ती आपल्याच इस्की या भारतीय संकेतावरून, आणि भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं मोठं काम झालं ते १९८८ साली इथे पुण्यातच स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये. फोडही चुकीची नाही. शेकडो जोडाक्षरांना एकेक घर देत बसण्यापेक्षा थोड्या तुकड्यांतून सगळी जुळवावीत हे शहाणपणाचंच. आमच्या छापखान्यात उलटा प्रकार होता. ज्ञचा स्वतंत्र खिळा, श्वचा स्वतंत्र खिळा; जुळाऱ्याच्या पेटीत इतके खण की नवा मुलगा सहा महिने नुसती घरं पाठ करायचा. पण मोजायला सांगितलं की तोही चारच म्हणायचा.

"मोजणी आता सुधारली आहे," पुतण्या पुटपुटला. "सेगमेंटर म्हणून एक सोय आली आहे. ती माणसाच्या डोळ्याला दिसतात तशी अक्षरं मोजते." पण तिचीही कथा आहे. आधी ती हलन्तापाशी तोडायची. ज्, ञा, ने, श्, व, री. सहा. अकरापेक्षा बरं, पण मराठी नव्हे. २०२३ साली युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत नियम आला, की देवनागरीसारख्या लिप्यांत जोडाक्षर मध्ये तोडायचं नाही. तेव्हापासून उत्तर येतं, चार. जगातल्या सगळ्या शहाण्यांना आमच्या वहिनींच्या बोटांपर्यंत पोचायला एवढा वेळ लागला, हे मी सौम्य शब्दांत नोंदवतो.

"अंकांचं काय?" वहिनींनी दुसरं प्रकरण उघडलं. जन्मवर्ष त्यांनी त्याच पानावर देवनागरी अंकांत लिहिलं होतं, आणि पान लाल होऊन म्हणालं होतं, 'कृपया संख्या लिहा.' इथे मात्र मुलांनाही बाजू घेता येईना. ही भाषा मराठी अंक उत्तम लिहिते. तिला 'मराठीत लिही' असं सांगितलं तर ती लाख आणि कोटी यांच्या जागी बरोबर स्वल्पविराम देऊन १२,३४,५६७ असं देवनागरीत लिहून दाखवते. पण तेच तिच्या हातात परत दिलं तर म्हणते, 'संख्या नव्हे.' स्वतः लिहिलेलं स्वतःला वाचता येत नाही. डॉक्टरांच्या बाबतीत आपण ते चालवून घेतो, पण निदान औषधवाल्याला तरी वाचता येतं.

मग वहिनींनी तिसरी मागणी मांडली, वाढदिवस तिथीनं यावा. त्यांना तारखेचा वाढदिवस मान्य नाही. त्या दिवशी केक कापू देतात पण औक्षण करू देत नाहीत. मुलांनी सांगितलं की तारखांसाठी टेम्पोरल नावाची नवी सोय आली आहे, २०१७ साली समितीपुढे आली, फायरफॉक्समध्ये यायला २०२५ उजाडलं, पण आली. तिच्यात जानेवारी शून्य नाही, एक आहे. (मी तेवढ्यात टाळी वाजवून घेतली.) तिला ज्यू पंचांग येतं, इराणी येतं, चांद्रमासांचं चिनी येतं. भारतीयही येतं, पण ते १९५७ साली सरकारनं स्वीकारलेलं शक-वर्षाचं राष्ट्रीय सौर पंचांग. ते आकाशवाणीवर ऐकण्यापलीकडे वहिनींनी कधी वापरलेलं नाही, मीही नाही, आणि वाचकहो, तुम्हीही नाही. चिनी तिथी चालते, मग आमची का नाही, असं वहिनींनी विचारलं. रास्त प्रश्न आहे. मीही क्षणभर तापलो. पण मग माझ्या डोळ्यांपुढे ती समिती आली. टिळक पंचांग घ्यायचं की दाते? काही वर्षी दोघांचा अधिक मास निराळा पडतो आणि एकाचा गणपती दुसऱ्याच्या महिनाभर अलीकडे-पलीकडे येतो. ज्या सभेत सगळ्यांचं एकमत व्हावं लागतं त्या सभेत हा विषय निघाला तर जावास्क्रिप्टची पुढची आवृत्ती निघायचीच नाही. मी वहिनींना म्हटलं, हे आपण राहू देऊ. त्यांनी दाते म्हटलं. मी गप्प राहिलो. आमच्या घरी टिळक.

वहीत अखेर सात सूचना झाल्या. पहिली, अर्थातच, वेलांटीची. पुतण्यानं ती लिहिली, मग पेन थांबवून म्हणाला, "आई, ही सूचना करता येणार नाही. ती सोय भाषेत आहे. क्रोममध्ये २०२० पासून आहे."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"म्हणजे... आहे हे माहीत होतं."

"मग त्या कचेरीत का नव्हती?"

"कोणी वापरली नाही. चौकट करणाऱ्याला वाटलं दहा पुरे. इंग्रजी नाव धरलं असेल."

वहिनी थोडा वेळ वहीकडे पाहत राहिल्या. पुढच्या आवृत्तीत हव्या असलेल्या सहा नव्या गोष्टी त्यांनी मोठ्यानं वाचल्या. डबे, दशांश, सगळं. वाचून झाल्यावर विचारलं, "आणि तू करतोस त्या चौकटींत किती मावतात?"

यावर कोणी बोललं नाही. एका मित्राला शेवटची बस आठवली. दुसऱ्याची दुचाकी होती, तरी त्यालाही ती बस आठवली.

त्या रात्री पुतण्याच्या खोलीतला दिवा दीडपर्यंत चालू होता. सकाळी तो चहाला आला तेव्हा डोळे लाल होते. बशी पुढे ओढत म्हणाला, "आई, सतरा निघाल्या."

वहिनींनी साखरेचा डबा त्याच्याकडे सरकवला. "सतराव्यात माझं नाव लिहून बघ," म्हणाल्या, "आणि मग ती भाषणाची वही उघड."